फॅक्स 'ओके' आला म्हणजे पोचलाच असं नाही

आईचे रिपोर्ट अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या ऑफिसला फॅक्स केलेत, मशीनने 'ओके' छापलंय, आता निर्धास्त राहायचं का असं विचारलंत म्हणून लिहितेय. नुसत्या ओकेवर अजिबात राहू नका. ते ओके खोटं नसतं, पान गेलं की पलीकडचं मशीन मिळाल्याचा सिग्नल परत पाठवतं (फॅक्सच्या टी.३० स्टँडर्डमध्ये त्याला एमसीएफ, म्हणजे मेसेज कन्फर्मेशन, म्हणतात) आणि तो आला तरच आपलं मशीन ओके देतं. पण मिळालं ते मशीनला, माणसाला नाही! तिथला कागद संपला असेल तर पान मेमरीत पडून राहतं, टोनर संपत आला असेल तर फिकट निघतं, आणि आपण कागद उलटा घातला असेल तर कोरी पानं जातात तरी मशीनने छापलेला रिपोर्ट ओकेच.

मशीनच्या त्या रिपोर्टवर पानांची संख्या बघा, कव्हरशीट (वरचं माहितीचं पान) धरून, आणि नंबर एकेक आकडा जुळवून बघा, कारण भलत्याच नंबरचं मशीन पण ओके देतं आणि मेडिकल कागद परक्याच्या हातात जातात.

मग सरळ फोन करा. "फॅक्स मिळाला का" एवढंच नको, आईंचं नाव-जन्मतारीख सांगून "त्यांच्या चार्टला (पेशंटच्या फाइलला) लागला का, किती पानं दिसतायत, शेवटच्या पानावरची सही वाचता येतेय का" असं विचारा. कोणाशी बोललात आणि किती वाजता ते मशीनच्या रिपोर्टवरच लिहून ठेवा, आणि थर्मल पेपर असेल तर लगेच फोटो काढा, त्यावरचं हळूहळू उडून जातं.