गुहागरजवळची समुद्रालगतची जागा साफ करायची आहे: जेसीबी लावू की माणसं?

डोंबिवलीची_लेक
नमस्कार मंडळी. वेळणेश्वरच्या बाजूला आमची वडिलोपार्जित जागा आहे, साधारण २२ गुंठे. पश्चिमेची हद्द थेट पुळणीला, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याला लागते. आजोबांचं चिरेबंदी घर होतं तिथे. ते पडलं, कौलं-वासे कुणीतरी नेले, आणि आता घाणेरी, रानमोडी, करवंदी एवढी माजली आहे की आत पाय ठेवता येत नाही. समुद्राच्या अंगाला केवड्याचं बन आहे. बाबांना तिथे लहानसं घर बांधून राहायचंय आणि त्यांचं वय बघता मला हे लांबवायचं नाही. एक ठेकेदार म्हणतो, जेसीबीने दोन दिवसांत मैदान करून देतो, केवडाही काढू म्हणजे ओटीवरून समुद्र दिसेल. सातबारा सामाईक आहे, मोजणी झालेली नाही. आधी मोजणी की आधी सफाई?

गडगा
ताई, ठेकेदाराला आजच फोन करून थांबवा. मी याच पट्ट्यात घरांची कामं करतो, म्हणून पोटतिडकीने सांगतोय. त्या झाडोऱ्याखाली तुमची सगळ्यात मोलाची वस्तू आहे, ती म्हणजे आजोबांच्या घराचं जोतं, पायाचा चौथरा.

कारण असं. २०१९च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेप्रमाणे, जिथे २०११च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा कमी वस्ती आहे अशा ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवीन बांधकाम करता येत नाही. तुमची जागा पुळणीला लागते, म्हणजे बहुधा सगळीच त्यात. तिथे मोकळीक आहे ती आधीपासूनच्या अधिकृत बांधकामाच्या दुरुस्तीला आणि पुनर्बांधणीला, तीही जुन्या जोत्याच्या क्षेत्रफळाबाहेर न जाता. पडलेलं घर त्यात धरायचं की नाही ते कार्यालय ठरवेल, पण जोतंच उखडलं तर तुम्ही दाखवणार काय? जेसीबीवाल्याला चिरा आणि धोंडा सारखाच. एका बकेटमध्ये जोतं, गडगा (दगडी कुंपण) आणि हद्दीचे दगड सगळं एका ढिगात.

म्हणून माणसंच लावा आणि बेणणी करून घ्या, म्हणजे हाताने झाडोरा कापून काढणं. पहिल्यांदा फक्त हद्दीच्या कडेने माणूस चालेल एवढी वाट पाडायची, म्हणजे मोजणीवाल्यांना एका कोपऱ्यातून दुसरा कोपरा दिसेल. भूमी अभिलेखकडे अर्ज आधीच टाकून ठेवा. मोजणी होऊन खुणा पक्क्या झाल्या की आत शिरायचं. सामाईक आहे ना, मग बाकीच्या हिस्सेदारांना आधी कळवा. हद्दीवरून भांडण लागलं की ते पिढ्यान् पिढ्या चालतं, मी बघतोय.

जोतं कसं ओळखायचं? गडग्याचा चिरा ओबडधोबड असतो, जोत्याच्या कोपऱ्याचा ताशीव, काटकोनात. पायरीचा चिरा मधोमध झिजलेला असतो. घाणेरी बुंध्याशी कापत जायची, कोयती चिऱ्याला लागली की तिथे गड्याला थांबवायचं आणि हाताने माती सारायची. एक कोपरा मिळाला की टेप धरून बाकीचे तीन मिळतात. लांबी-रुंदी मोजा, फोटो काढा, ग्रामपंचायतीच्या माणसांना बोलावून पंचनामा करून घ्या.

घाणेरी नुसती कापली तर पावसात दुप्पट फुटते, मुळासकट काढायला हवी. रानमोडी पाऊस सरता सरता, जमीन ओली असताना हाताने उपटते, फुलावर येण्याआधी. काडी लावून मोकळं करू असं कुणी म्हणालं तर साफ नाही म्हणा, शेजारची काजू-आंब्याची कलमं जळतील.

आणि फुरशी साप. आपल्या भागात भरपूर. गडग्याच्या फटीत, पाल्याखाली असतात, वीतभर दिसतात पण विष जबर. गड्यांना गमबूट द्या, दगड हाताने उचलू देऊ नका, आधी पहारीने हलवा. दंश झालाच तर मांत्रिक नाही, सरळ सरकारी दवाखाना. जुनी विहीरही कुठेतरी असेल, कठडा पडला असेल तर झुडपात दिसत नाही. सापडली की लगेच कुंपण करा आणि तिच्यात राडारोडा टाकू देऊ नका. वाळूतलं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, अशी विहीर पुन्हा मिळत नाही.

श्रीवर्धनकर
केवड्याबद्दल मी बोलते. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर आलं. आमच्या वाडीतल्या पोफळी काडीसारख्या मोडल्या. पण जिथे केवडा आणि उंडीची रांग राखलेली होती तिथे वाळू आत आली नाही. शेजारी समुद्र दिसावा म्हणून केवडा काढला होता, त्यांच्या अंगणात गुडघाभर वाळू. केवड्याची मुळं आणि पुढे वाळूवर पसरणारी मर्यादवेल हीच तुमची भिंत. वाळूच्या टेकड्या तर सीआरझेडमध्ये सर्वांत संरक्षित गटात येतात, तिथे यंत्र नेऊच नका. वाऱ्याला, खाऱ्या फवाऱ्याला तोंड देणारं झाड एकदा गेलं की मागचे माडही झुरतात. समुद्र बघायला पुळणीवर जा की ताई, चार पावलांवर आहे.

सह्याद्री_ते_सागर
झाडांचं बघा. आंबा, फणस, जांभूळ, चिंच, किंजळ ही १९६४च्या झाडतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत. खाजगी जागेतली असली तरी परवानगीशिवाय तोडायची नाहीत. तिवर (खारफुटी) असेल तर हातही लावू नका, उच्च न्यायालयाचे आदेश आहेत. भरतीरेषा डोळ्यांनी ठरवू नका, मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर तुमचा गट नंबर शोधा. जागेचा काही भाग २०० मीटरच्या पलीकडे निघाला तर नशीबच, तिथे स्वतःच्या राहण्याचं ३०० चौरस मीटरपर्यंतचं घर स्थानिक पातळीवर मंजूर होऊ शकतं.

डोंबिवलीची_लेक
ठेकेदाराला नकार कळवला. केवडा राहील. बाबांना जोत्याचं वाचून दाखवलं तर त्यांनी लगेच कागदावर घराचा आराखडा काढला: ओटी, माजघर, मागे पडवी, तुळस कुठे, विहीर ईशान्येला. गडगादादा, घर अधिकृत होतं हे दाखवायला घरपट्टीचा पुरावा कुठे मिळेल? आमच्याकडे एकही पावती नाही.

गडगा
तो आराखडा जपून ठेवा, गडी कामाला लागतील तेव्हा बाबांना सोबत आणा. घरपट्टीसाठी ग्रामपंचायतीत नमुना ८चं जुनं आकारणी रजिस्टर मागा. फक्त आजोबांच्या नावाने शोधू नका. त्या काळी घर बहुतेक घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नावावर लागायचं, तेव्हा त्यांचे थोरले भाऊ, चुलते, सगळी नावं लिहून न्या. आडनावाऐवजी गावातलं घराचं नाव लागलेलं असतं, तेही सांगा. उतारा मिळाला की सही-शिक्क्याची नक्कल घ्या, झेरॉक्सवर भागवू नका.