ब्रीडरने टाकून दिलेली लॅब्रॅडॉर दत्तक घेतली तर त्यात चूक काय?

वाकडची_मीनल
आमच्या भागात प्राण्यांचं काम करणाऱ्या एका ताईंना हायवेच्या कडेला खांबाला बांधलेली लॅब्रॅडॉर मादी सापडली. डॉक्टर म्हणाले वय पाच-सहा असेल, पुढचे दात पार झिजलेत (पिंजऱ्याची जाळी चावून असं होतं म्हणे), सड लोंबलेले, कोपरांवर सिमेंटवर झोपून झोपून आलेले घट्टे. म्हणजे आयुष्यभर नुसती पिल्लं काढून घेतली आणि उपयोग संपल्यावर सोडून दिली. तिला जिना माहीत नाही, आणि गवतावर पाय पडला की दचकून वर उचलते, ते बघून मला तिथेच रडू आलं.
आम्ही तिला घरी आणायचं म्हणतोय पण घरातच वाद पेटलाय. भाऊ म्हणतो तुला ब्रीडच हवं होतं, ते आता पुण्यकर्माच्या नावाखाली मिळतंय, आपल्या पार्किंगमधली चार देशी पिल्लं तुला दिसत नाहीत का. मला हे पटत नाही. ती लॅब आहे म्हणून मी तिला घेत नाहीये, आणि ती लॅब आहे म्हणून नाकारायचं हेही चूकच ना? तुम्हाला काय वाटतं स्पष्ट सांगा.

रानवारा
ताई राग मानू नका, पण मी तुमच्या भावाच्या बाजूने. सहा वर्षं झाली रस्त्यावरच्या पिल्लांना घरं शोधतोय. पिल्लू काळं असेल आणि त्यात मादी असेल तर एक फोन येत नाही. मागच्या वर्षी एक हस्की आला तर दोन दिवसांत चाळीसच्या वर फोन, त्यातल्या निम्म्या लोकांचा पहिला प्रश्न जातिवंत असल्याचे पेपर आहेत का आणि दुसरा मेटिंगला चालेल का. तुमच्या लॅबला कोणीही घेईल हो, आमच्या काळीला कोण घेणार?
आणि अजून एक, आपण टाकलं की कोणीतरी उचलतं, औषधपाणी दुसऱ्याच्या खिशातून होतं हे ब्रीडरला चांगलं कळलंय. आपण त्याची घाण काढतो आणि तो नवीन मादी आणतो.

डोंबिवलीची_फॉस्टर_आई
@रानवारा, त्या चाळीसातल्या किती जणांनी सहा वर्षांची, लोंबलेल्या सडांची, जिन्याला घाबरणारी मादी घेतली असती? तरुण हस्कीला फोन येतात, म्हाताऱ्या ब्रीडवाल्या कुत्र्यांना कोणी विचारत नाही, माझ्याकडे एक नऊ वर्षांचा जर्मन शेफर्ड शेवटपर्यंत फॉस्टरमध्येच (म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंतच्या तात्पुरत्या सांभाळात) राहिला.
सरकारच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण करून त्याला जिथून उचललं तिथेच परत सोडतात. बरोबर आहे ते, त्याची गल्ली असते, टोळी असते, चहावाला बिस्किट टाकतो, गाडी कुठून येते हे त्याला कळतं. पिंजऱ्यातून आलेल्या लॅबला परत सोडायला जागा कुठली? २००३ ला मोबाईलच्या जाहिरातीत पग आला आणि घरोघरी पग झाले, त्या चपट्या नाकाने मे महिन्यात सावलीतसुद्धा श्वास घेताना त्रास होतो, असं कुत्रं रस्त्यावर चार दिवस काढणार नाही. देशीवर प्रेम माझंही आहे, घरात दोन आहेत. पण कोण आधी मरेल हे बघून मी उचलते.

कोल्हापुरी_बाप
मी जरा वेगळं बोलतो. घरात तीन आणि पाच वर्षांची मुलं आहेत. जिचा भूतकाळ माहीत नाही अशी मादी, जी झाडू दिसला तरी थरथरते, ती मी घरात आणणार नाही. त्यापेक्षा चांगला ब्रीडर शोधावा, आई दाखवायला सांगावी, आई-बापाच्या खुब्यांचे एक्सरे बघावेत कारण लॅबमध्ये खुब्याचा आजार पिढीजात येतो, आणि कुत्र्यांच्या ब्रीडिंग-विक्रीच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही एवढं तरी तपासावं. चांगल्या ब्रीडरला गिऱ्हाईक मिळालं तरच वाईट बंद पडतील.

लीड्सकर
@कोल्हापुरी_बाप, मुलांचा मुद्दा मान्य. पण आई दाखवायला सांगणं फार मोठी गोष्ट आहे हो. इथे इंग्लंडमध्ये त्यासाठी कायदा करावा लागला. ल्युसी नावाची कॅव्हलियर स्पॅनियल, २०१३ मध्ये पपी फार्ममधून (विकायला पिल्लं काढायचा कारखानाच तो) सुटली तेव्हा तिची अवस्था मीनल सांगतात तशीच, पिल्लं काढून काढून संपलेली. तिच्या नावाने ल्युसीज लॉ आला, एप्रिल २०२० पासून दुकानदार आणि दलालांना सहा महिन्यांच्या आतली पिल्लं विकायला बंदी. घ्यायचं तर थेट ब्रीडरकडून, पिल्लू आईजवळ असताना बघून, नाहीतर दत्तक. एका दत्तक घेतलेल्या मादीमुळे लोकांना कळलं की गोड पिल्लांच्या मागे आई कुठल्या हालात असते. म्हणून @रानवारा, अशी मादी घरात येणं म्हणजे नुसती ब्रीडरची घाण काढणं नाही, तिच्याकडे बघून शेजारीपाजारी विचारतात हिला काय झालं, आणि तेव्हा सांगता येतं.

लातूरचा_शेतकरी
इथे सगळे ब्रीड म्हणजे विदेशीच धरून चाललेत. आमचं कारवानी पण जातिवंतच आहे. शहरातले लोक देखणं दिसतं म्हणून नेतात, ते शिकारी कुत्रं, रानात पळायला जन्मलेलं, दहाव्या मजल्यावर ते भिंती उकरणार नाही तर काय करणार, मग वर्षभरात "नेऊन ठेवता का" म्हणून फोन. मीनलताई, जात कुठली यापेक्षा तिला रोज किती वेळ देणार ते सांगा.

वाकडची_मीनल
सगळ्यांचं नीट वाचलं. @लातूरचा_शेतकरी, सकाळी मी आणि संध्याकाळी बाबा, पाऊण पाऊण तास, आणि दिवसभर आई घरी असते.
@कोल्हापुरी_बाप, तुमच्या घरासाठी तुमचं बरोबर असेल, आमच्याकडे लहान मुलं नाहीत. पण प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्यात जनावर टाकून दिलं तर पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, एवढ्यात एक प्लेट भजी पण येत नाही. अशा दंडाला कोण घाबरणार, मग फक्त गिऱ्हाइकाच्या चांगुलपणावर वाईट ब्रीडर कसे बंद पडतील?
काल सोनोग्राफीत कळलं गर्भाशयात पू झालाय, उद्या ऑपरेशन आहे, गर्भाशय काढणारच आहेत त्यामुळे मेटिंगवाल्यांचा प्रश्नच संपला. टाके निघेपर्यंत फॉस्टर म्हणून आणतोय, मग कायमची. पहिल्या मजल्यावर राहतो, जिना हळूहळू शिकवू.

रानवारा
पू झालाय म्हणजे वेळेवर सापडली, अजून काही दिवस तशीच बांधलेली असती तर गेली असती. आणा तिला, आता अडवत नाही. माझं मत तेच आहे पण. तुमच्या पार्किंगमधल्या त्या चार पिल्लांचं लसीकरण आणि सहा महिन्यांची झाल्यावर नसबंदी, एवढं तुम्ही अंगावर घ्याल का? पकडायला मी येतो.

वाकडची_मीनल
घेते. चारांत माद्या किती आहेत ते आज संध्याकाळी खाली जाऊन बघते आणि कळवते. भावालाच खाली पाठवते बरोबर, त्याला ती ओळखतात.