मुलाला पहिली बिअर घरीच द्यावी का? शनिवारच्या आत सल्ला हवा आहे

पायरीवरची

मुलगा येत्या शनिवारी सतरा पूर्ण करतोय. त्याचे चार मित्र रात्री मुक्कामाला येणार आहेत. नवऱ्याचं म्हणणं, त्या रात्री पाचही जणांना एकेक बिअरचा कॅन आपणच द्यावा, आपल्या डोळ्यांदेखत. "कुठेतरी आडोशाला पिण्यापेक्षा घरात प्यायलेली काय वाईट?"

मी नाही म्हटलं. पण का नाही, हे मला धड सांगता येईना, म्हणून इथे विचारतेय.

हे सगळं सुरू झालं तीन आठवड्यांपूर्वी. नवऱ्याची व्हिस्कीची बाटली कपाटाच्या वरच्या फळीवर असते. महिन्यातून दोनतीनदा एखादा पेग घेतो, त्यापलीकडे नाही. त्या दिवशी त्याने ग्लासात ओतली, थबकला आणि ग्लास दिव्यासमोर धरला. रंग उडालेला, पार फिक्कट. बाटली मात्र होती तेवढीच भरलेली. कुणीतरी काढून तेवढंच पाणी घालून ठेवलं होतं.

खरं सांगते, आधी मला हसू आलं. आणि मग पोटात गोळा आला. कारण बाटलीत पाणी घालणं मी लहानपणी रोज बघितलंय. माझी आई घालायची, वडिलांच्या बाटलीत, ते घरी यायच्या आधी. नळ बारीक सोडून, आवाज होऊ नये म्हणून. वडील त्यातच गेले.

मुलाला विचारलं तर खोटं बोलला नाही. "तीनचार वेळा घेतली, आई. चव घाणेरडी आहे." मग का घेतलीस? तर खांदे उडवले. "सगळेच घेतात."

यावरून आम्ही दोघांनी उलटसुलट अर्थ काढले. मी म्हणते, लपूनछपून घेतोय म्हणजे आता जास्त लक्ष द्यायला हवं. नवरा म्हणतो, लपवतोय ते आपण बंदी घातली म्हणून. चोरी करण्यातली मजा काढून घेतली की विषय संपला. त्याच्या वडिलांनी त्याला समोर बसवून पहिला पेग दिला होता म्हणे, आणि तो कधी वाहवला नाही. मी म्हटलं, तुझ्या बाजूला एक बाप, माझ्या बाजूला एक बाप. याने काय सिद्ध होतं?

तर मला कळायला हवं ते असं: आईबापांनी स्वतः दिली तर कायदा काय म्हणतो? घरी दिल्याने मुलं बाहेर कमी पितात, याला काही आधार आहे का? आणि बाप स्वतः घेत असताना मुलाला कोणत्या तोंडाने नाही म्हणायचं? देश, गाव मुद्दाम लिहीत नाही. मुलाचे मित्रही इथे वाचत असतील.

सदाफुली

सतराव्या वर्षी बिअर? आणि तीही दुसऱ्यांच्या मुलांना? नवऱ्याला आधी समजवा.

पायरीवरची

तेच करायचंय ताई, पण कशाच्या आधारावर, ते विचारतेय.

काळाकोट

देश सांगितला नाहीत तर उत्तर अर्धवटच मिळणार. पण एक गल्लत सगळीकडे होते, ती आधी दूर करतो. विकत घ्यायचं वय, प्यायचं वय आणि लहान मुलाला दारू देणाऱ्याची जबाबदारी, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. लोक पहिल्या दोनांवर तावातावाने बोलतात आणि अडकतात तिसऱ्यात.

भारताचंच बघा. वय राज्यागणिक बदलतं. गोव्यात १८, महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि कडक दारूला २५, तर बिहार-गुजरातेत दारूबंदीच. या आकड्यांवर गप्पा रंगतात. पण आईबापांना लागू होणारं कलम भलतीकडेच आहे. बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ७७. अठराच्या आतल्या मुलाला जो कोणी मादक पेय देईल किंवा द्यायला लावेल, त्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड. अपवाद एकच, डॉक्टरने सांगितलं असेल तर. 'जो कोणी' यात बाप येतो. आपल्या घरात, आपल्या देखत, प्रेमाने दिली, याला कलमात जागा नाही.

ब्रिटनमध्ये बरोबर उलटं. १९३३च्या कायद्यानुसार पाच वर्षांखालच्या मुलाला दारू देणं गुन्हा आहे. त्यापुढच्या मुलाला खासगी घरात पालकांनी दिली तर कायदा आड येत नाही. यावरून काही जण समजतात की सहा वर्षांच्या पोराला वाइन पाजायला सरकारचा आशीर्वाद आहे. तसं नाही. कायदा घराच्या उंबऱ्यावर थांबलाय, एवढंच. इंग्लंडच्याच मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने २००९मध्ये पालकांना सांगितलं होतं की पंधरा वर्षांपर्यंत मुलाला दारू अजिबात न मिळणं हे सगळ्यांत चांगलं.

अमेरिकेत वय २१, हे सगळ्यांना माहीत असतं. ते कसं झालं हे गमतीचं आहे. केंद्र सरकारला राज्यांवर वय थेट लादता येत नव्हतं, म्हणून १९८४मध्ये कायदा केला: एकवीसच्या खाली विक्री करू द्याल तर महामार्गांच्या निधीतला वाटा कापू. चार वर्षांत सगळी राज्यं सरळ झाली. तरीही बऱ्याच राज्यांत स्वतःच्या मुलाला पालकांनी देण्यापुरती पळवाट आहे. विस्कॉन्सिनमध्ये तर पालक सोबत असले तर बारमध्येही चालतं.

आता मुद्द्याची गोष्ट. अशा सवलती बहुतेक ठिकाणी असतात त्या स्वतःच्या मुलापुरत्या. तुमच्या शनिवारच्या बेतात चार मुलं दुसऱ्यांची आहेत. एखादा जिन्यावरून पडला, एखादा कुणाची गाडी घेऊन निघाला, तर विचारणा तुमच्याकडे होणार. 'आमच्या घरी होते, आमच्या देखत होते' हा तिथे बचाव ठरत नाही, उलट तुमच्या विरुद्धचा पुरावा ठरतो. देश कुठलाही असो, नवऱ्याला एवढं वाचून दाखवा.

मोकळाढाकळा

कायदा राहू द्या बाजूला. फ्रान्समध्ये मुलं लहानपणापासून घरात वाइन बघतात, चाखतात, आणि तिथे कुणी गटारात लोळत नाही. आपणच बाऊ करतो. मी माझ्या मुलीला सोळाव्या वर्षी दिली होती. आज ती तिशीत आहे, छान आहे.

दूरदेशी

मोकळाढाकळा, फ्रान्सचं नाव घेताय तर हेही घ्या: तिथेच २००९मध्ये विक्रीचं वय सरसकट १८ केलं. त्यांना स्वतःची पद्धत एवढी निर्धोक वाटत असती तर कशाला केलं असतं?

मी जर्मनीत राहते. इथल्या कायद्यात चौदा वर्षांच्या मुलाला पालकांसोबत बिअर किंवा वाइन घेण्याची सवलत ठेवलेली आहे, सोळाव्या वर्षी एकट्याने, आणि कडक दारू अठरानंतर. ही चौदाची सवलत काढून टाका, अशी मागणी इथल्याच आरोग्यमंत्र्यांनी केली आहे. युरोपातल्या शाळकरी मुलांच्या पाहण्यांमध्ये झिंगेपर्यंत पिण्यात डेन्मार्क वर्षानुवर्षं वरच्या ओळीत असतो, आणि तिथले पालक काही बंदी घालणारे म्हणून ओळखले जात नाहीत.

तिसरी_घंटा

मी किशोरवयीन मुलांसोबत समुपदेशनाचं काम करते, म्हणून दुसऱ्या प्रश्नावर थोडं सविस्तर.

तुमच्या नवऱ्याची कल्पना वेडगळ नाही. फार पालकांना असंच वाटतं, आणि त्यामागे काळजीच असते. पण ती तपासून झाली आहे. ऑस्ट्रेलियात १,९२७ मुलं आणि त्यांचे पालक यांच्यावर सहा वर्षं नजर ठेवून केलेला अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. पालकांनी दिल्याने पुढे मुलाला संरक्षण मिळतं, असं काही त्यात आढळलं नाही. ज्यांना आईबापांकडून दारू मिळत होती, ती मुलं पुढच्या वर्षी दुसरीकडून मिळवण्याची शक्यता, कुणाकडूनच न मिळणाऱ्या मुलांच्या दुप्पट होती. म्हणजे घरचा कॅन बाहेरच्या कॅनच्या जागी येत नाही, त्याच्यात भर पडते. अशा अभ्यासातून कारण आणि परिणाम ठामपणे सुटे करता येत नाहीत, हे कबूल. पण 'घरी दिली की वाचतो' असं म्हणणाऱ्याच्या हातात काहीच सापडलं नाही, हेही तेवढंच खरं.

मला विचाराल तर यात गूढ काही नाही. बापाने कॅन पुढे केला की बापाला वाटतं आपण शिकवतोय, 'बेतानं कसं घ्यायचं'. मुलगा ऐकतो तो एकच शब्द: चालतं. बेत वगैरे त्याला ऐकूच जात नाही. पुढच्या वेळी मित्र विचारतो, घरी चालतं का रे? हा म्हणतो, हो.

तुमच्या वडिलांचं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी तिथे थांबले. व्यसनाधीनतेच्या धोक्यात साधारण निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो. म्हणजे नातवाचं ठरलेलं आहे असं मुळीच नाही. पण नवऱ्याचा अनुभव आणि मुलाची जोखीम यांची तुलना होत नाही, कारण नवऱ्याच्या बाजूचं रक्त त्याच्यात आहे तसं तुमच्याही बाजूचं आहे. बाटलीतलं पाणी आणि आजोबा, हे मुलाला कधी सांगितलंय का? सांगा. भाषण म्हणून नको. नळ बारीक सोडायची आई, एवढं सांगितलंत तरी पुरे.

बापाने स्वतः सोडलीच पाहिजे असं मी म्हणणार नाही. पण मुलाला 'जरा बर्फ आण' म्हणू नये. 'आज फार दमलो, एक लागणारच' असं त्याच्यासमोर म्हणू नये. मुलं पेग मोजत नाहीत, आपण तो कशावरचा उपाय म्हणून घेतो ते टिपतात.

आणि एक. नाही म्हणताना दार उघडं ठेवा. कुठेही असशील, कितीही वाजले असतील, प्यायलेला असशील तरी फोन कर, मी घ्यायला येते, त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही. विचारायचं ते दुसऱ्या दिवशी दुपारी. मित्र उलट्या करतोय, हलवूनही जागा होत नाही, तर त्याला कुशीवर वळवायचं, एकटं सोडायचं नाही, ॲम्ब्युलन्स बोलवायची. आपण सापडू या भीतीने मुलं हे करत नाहीत आणि मित्राला 'झोपू दे' म्हणून सोडून देतात.

मोकळाढाकळा

तुमचं पटतंय थोडं. पण माझी मुलगी छान आहे, हे खोटं नाही.

तिसरी_घंटा

नाहीच. बहुतेक मुलं छानच निघतात. आपली त्यातली नसेल तर, एवढाच प्रश्न असतो.

खारफुटी

आइसलँडचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. १९९८मध्ये तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं मागच्या महिन्यात एकदा तरी झिंगलेली होती. २०१६पर्यंत हा आकडा ५ टक्क्यांवर आला. संध्याकाळी मुलांना खेळ, संगीत असं काहीतरी करायला दिलं, रात्री बाहेर राहण्यावर वेळेची मर्यादा आणली. पण मला सगळ्यांत पटलेली गोष्ट फुकटची आहे: एका शाळेतले पालक एकत्र बसून ठरवायचे की आपल्यापैकी कुणीच मुलांना दारू देणार नाही, दुसऱ्यांच्याही नाही. 'सगळेच घेतात' हे वाक्य मग मुलाच्या तोंडी टिकत नाही.

तुमच्याकडे तर फक्त चार घरं आहेत. फोन करा की.

पायरीवरची

सगळ्यांचे आभार. काल रात्री नवऱ्याला सगळं वाचायला दिलं. 'दुसऱ्यांची मुलं' इथे तो एका मिनिटात विरघळला. म्हणाला, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आपल्या मुलाबद्दल मात्र अजून वाद चालू आहे. एक कॅन दिला तर आभाळ कोसळणार नाही, असं त्याला वाटतंच. मी म्हटलं, वाटू दे, देऊ नकोस. बाटली फळीवरून हलली आहे आणि किल्ली माझ्याकडे आहे.

मुलाला आजोबांचं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, "आजीला कधी पकडलं का त्यांनी?" मी सांगितलं, हो, एकदा. पुढचं त्याने विचारलं नाही.

आणि खारफुटी, चारही घरी फोन केले. दोघांनी लगेच बरं म्हटलं. तिसऱ्या मुलाची आई थोडं थांबली आणि म्हणाली, "अहो, आम्हाला वाटलं तुमच्याकडे देणारच आहेत. तो तसंच सांगत होता, म्हणून आम्ही काही बोललो नाही." चौथ्या घरी अजून कुणी फोन उचललेला नाही. आज संध्याकाळी परत करते.