जुळे लेकरं ३२ व्या आठवड्यात झाले, घरी आणलेत, डोळ्याची तपासणी आत्ताच करावी का?

जिंतूरचा_जावई
नमस्कार मंडळी. आम्हाला जुळे झालेत, एक पोरगा एक पोरगी. ३२ व्या आठवड्यातच पाणी गेलं अन् सिझर करावं लागलं, पोरगा १४०० ग्रॅम, पोरगी १२५०. दोघंही पेटीत होते, पोरीला काही दिवस सीपॅप (नाकातून दाबानं हवा देणारं मशीन) पण लावलं होतं. आता महिना व्हायला आलाय, परवाच सुट्टी झाली, बायको अन् लेकरं तिच्या माहेरी जिंतूरला आणि मी परभणीला नोकरीवर.

सुट्टीच्या कागदावर आरओपी (लवकर झालेल्या लेकरांना होणारा डोळ्याच्या पडद्याचा आजार) लिहून गोल केलाय, डोळ्याचा पडदा तपासून घ्या म्हणले. सासरे म्हणायलेत एवढे बारके लेकरं थंडीत कुठं फिरवता, सव्वा महिना होऊ द्या. डोळे तर चांगलेच दिसायलेत, उजेडाकडं बघतात. सासूबाईंना शेगडीवर ओवा-वेखंडाची धुरी द्यायचीय, गुटी पण उगाळून ठेवलीय, मी जावई माणूस नाही कसं म्हणू? त्यात येणारी-जाणारी बाई म्हणती सातव्यातलं जगतं आठव्यातलं जगत नाही, आमचे आठव्यातलेच, ते ऐकून बायको रडत बसती.

दोघींची_आई_लातूर
दादा सव्वा महिना थांबू नका!! ३४ आठवड्याच्या आत झालेलं किंवा २ किलोच्या आतलं बाळ असलं की पहिली तपासणी जन्मापासून ३० दिवसाच्या आत व्हायला पाहिजे. तुमचे दोन्ही त्यात बसतात अन् दिवस संपत आलेत. आरओपी बाहेरून दिसतच नाही हो, डोळा स्वच्छच दिसतो. माझ्या दोघी ३१ व्या आठवड्यातल्या, पाच वेळा नेलं तपासायला, एकीला लेझर करावं लागलं, आज दोघी अंगणवाडीत भांडायलेत. आणि त्या आठव्या महिन्यावाल्या बाईला घरात घेऊच नका, जेवढे दिवस पोटात जास्त तेवढे फुफ्फुसं पक्के, आठव्यातलं सातव्यापेक्षा बरंच असतं.

रात्रपाळी_सिस्टर
नवजात विभागात काम करते म्हणून सांगते. डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या शेवटच्या आठवड्यांत पूर्ण होतात, बाळ आधीच बाहेर आलं, वरून ऑक्सिजन लागला की त्या वेड्यावाकड्या वाढू शकतात आणि पडदाच ओढला जातो. वेळेत सापडलं तर लेझर किंवा इंजेक्शननं थांबवता येतं, पडदा सुटल्यावर नजर वाचवणं लई अवघड. नुसता चष्म्याचा डॉक्टर नको, पडद्याचा म्हणजे रेटिनाचा पाहिजे. एकदा दाखवलं म्हणजे झालं असंही नाही, ते पुढची तारीख देतात ती पाळायची. आरओपी आरबीएसके (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) या सरकारी योजनेत बसतं, जिल्हा रुग्णालयात विचारा, खर्चाचा प्रश्न असला तर आधी तिथंच जा.

धुरी अजिबात नाही, सीपॅपवरून आलेल्या लेकराच्या फुफ्फुसाला धूर कशाला? गुटी, मध, ग्राइप वॉटर काहीच नको. आईचं दूधच, ओढता येत नसलं तर काढून वाटी-चमच्यानं. लसी मात्र जन्मतारखेवरूनच, बारके आहेत म्हणून पुढं ढकलू नका.

गंगाखेडकर
आमच्या चुलत्याचं पोरगं सातमाशी, कापसात गुंडाळून वाढवलं, ना तपासणी ना काही. ठणठणीत आहे. उगं घाबरवू नका माणसाला.

रात्रपाळी_सिस्टर
भाऊ ते वाचलं म्हणून तुम्ही सांगायलात. जे वाचले नाहीत त्यांचं कोण सांगतंय.

बीडचा_पप्पा
सासूबाईंना नाही म्हणूच नका ना, काम द्या! आमच्याकडं पण धुरीचा हट्ट होता, मग सिस्टरनं माझ्या आईलाच कांगारू शिकवलं. लेकरू फक्त टोपी, मोजे अन् डायपरवर छातीला उघडं लावायचं, वरून लुगडं गुंडाळायचं. जुळ्यांना एकटी आई पुरत नाही, तिला झोपायचंय, दूध काढायचंय, मग एक आजीकडं एक आईकडं. बाप पण करू शकतो, मी करायचो. माझ्या आईनं नंतर शेगडीचं नावच काढलं नाही, उलट गल्लीत सगळ्यांना सांगत फिरायली की माझ्या छातीवर वाढलं म्हणून.

अन् एक, मान कधी धरतंय, कधी बसतंय हे जन्मतारखेपासून नाही, डॉक्टरनं बाळंतपणाची दिलेली मूळ तारीख असते तिथून मोजायचं बरं का, दोन वर्षापर्यंत. नाहीतर चार महिन्याचं झालं तरी मान नाही म्हणून शेजारच्या बाया जीव खातील.

जिंतूरचा_जावई
सगळ्यांचे आभार. सासऱ्यांना सिस्टरचा मेसेज वाचून दाखवला, तेच गाडी बघायला गेलेत, उद्या सकाळीच निघायलोत. पोरगी बायकोच्या छातीला अन् पोरगा माझ्या, असं गाडीत चालतंय का?

दोघींची_आई_लातूर
चालतंय, बेस्ट. दूध तपासणीच्या तासभर आधी पाजा, ऐन वेळी पाजलं की उलटी करतात. डोळ्यात थेंब टाकून बसवून ठेवतात, वेळ लागतो, काढलेलं दूध अन् चमचा सोबत ठेवा. दोघांचे कागद वेगवेगळ्या फायलीत घ्या, वर मोठ्या अक्षरात पोरगा पोरगी लिहा, सगळीकडं आईच्याच नावानं ट्विन वन ट्विन टू असतंय, आमच्या एकीचा रिपोर्ट दुसरीच्या फायलीत गेला होता.