मदत हवी आहे: जुन्या फ्रेंच कारभारातल्या देपार्तमाँ, आराँदिसमाँ, काँतों, मेरी यांना मराठीत काय म्हणावं?

सासरच्या मंडळींची वंशावळ लेकीसाठी मराठीत लिहून काढतेय. नवऱ्याचं मूळ गाव जर्मनीत, कोब्लेन्झच्या दक्षिणेला हुन्सऱ्यूकच्या डोंगराळ भागात, किर्खबेर्गजवळ. तिथले १७९८ ते १८१४ दरम्यानचे दाखले फ्रेंचमध्ये आहेत, कारण ऱ्हाइनचा डावा काठ तेव्हा फ्रान्सकडे होता.

एका पूर्वजाचा जन्म फ्रेंच क्रांतीच्या दिनदर्शिकेप्रमाणे १४ प्लुव्हिओज, वर्ष ७ चा, म्हणजे २ फेब्रुवारी १७९९. दाखल्यावर फक्त ऱ्हाइन-मोझेल देपार्तमाँ आणि किर्खबेर्ग काँतों. त्याच्या बहिणीच्या १८०३ च्या लग्नाच्या नोंदीत मात्र सिमर्न आराँदिसमाँ आणि एक मेरी (मेयरच्या हाताखालचा गावकारभार) उगवली आहे. ही दोन वेगळी गावं समजून मी महिनाभर भलतीकडेच शोधत बसले होते. गाव जागचं हललेलंच नव्हतं, बदलला होता तो कारभार. १७९८ च्या जानेवारीत रूडलर या फ्रेंच आयुक्ताने या मुलखाचे चार देपार्तमाँ पाडले. आखेन, कोब्लेन्झ, ट्रिअर आणि माइन्झ ही त्यांची मुख्य ठाणी. तेव्हा गावांचा कारभार काँतोंतून चाले. १८०० साली नेपोलियनच्या कायद्याने मध्ये आराँदिसमाँ आला, खाली मेयर आला आणि काँतोंकडे मुख्यतः किरकोळ तंट्यांचा न्यायाधीश उरला.

देपार्तमाँला जिल्हा, त्याच्या प्रमुखाला म्हणजे प्रीफेक्टला जिल्हाधिकारी आणि आराँदिसमाँच्या उपप्रीफेक्टला प्रांत म्हणायला हरकत नसावी. काँतोंवर अडलेय. तालुका म्हटलं की मामलेदार कचेरी डोळ्यांपुढे येते, पण १८०० नंतर तसं काही तिथे नव्हतंच. मेयरचंही तेच. त्याला सरपंच म्हणवत नाही, कारण तो निवडून आलेला नसे, लहान गावांत प्रीफेक्टच नेमायचा. पाटील म्हणावं, तर ते वतन नव्हे. शिवाय तिकडे एका मेरीखाली बरेचदा चार-पाच गावं असत.

पुढे १८१६ ला प्रशियाने सिमर्न हा क्राइस (जर्मन जिल्हा) केला आणि मेरीची ब्युर्गरमाइस्टराय (तसाच मेयरचा कारभार, जर्मन नावाने) झाली. क्राइसला पुन्हा जिल्हाच म्हटलं, तर आधीच्या जिल्ह्याशी घोळ होणार!

फ्रेंच किंवा जर्मन दप्तरं वाचणारं इथे कुणी आहे का? काँतों आणि मेरीला तुम्ही काय लिहाल? की मूळ शब्द तसेच ठेवून एकदाच अर्थ द्यावा? आणि एकाच गावापुढे तीन काळांचे तीन पत्ते लिहावेत, की आजचा एकच? लेकीला पुढे स्वतः दप्तरात शोधता यावं, एवढं मला हवंय.