मेट्रो आहे, पण स्टेशनपर्यंत जायचं कसं?

रस्ते रुंद केले की नागपूरची कोंडी सुटेल, असं काही जण म्हणतात; मला ते पटत नाही, भाऊ. डिसेंबर २०२२ पासून मेट्रोचे दोन्ही मार्ग पूर्ण सुरू आहेत: खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि प्रजापती नगर ते लोकमान्य नगर. बर्डीला, म्हणजे सीताबर्डी स्टेशनवर, गाडी बदलायची, सोपं आहे. पण वस्ती वाढतेय बेसा, हुडकेश्वरकडे, आणि तिकडे मेट्रोच नाही. मे महिन्यात ४५ अंशांत, दुपट्टा तोंडाला गुंडाळून, सावली नसलेल्या थांब्यावर 'आपली बस' या शहर बससेवेची वाट माणूस किती पाहणार? शेवटी हप्त्यावर स्कूटी घेतो, आणि मानेवाडा चौकात आणखी एक गाडी वाढते. नव्या उड्डाणपुलाआधी या वस्त्यांतून मेट्रो स्टेशनपर्यंत दर दहा मिनिटांनी छोट्या बस सोडा. तिकीटही बस आणि मेट्रो, दोन्हीकडे एकच चालायला हवं.