अंगावर पेट्रोल टाकून पेटवल्याचा कॉल: आधी काय, आणि कपड्यांचं काय?

तालुक्याचा_बंब (बीड जिल्हा)
नगरपरिषदेचा एक बंब, त्यावर दोन फायरमन आणि चालक. फोन येतो की घरात घुसून बाईला पेटवलंय, पेटवणारा अजून तिथंच आहे. पोलीस लांब आहेत. आत जायचं का? तिचे कपडे काढायचे, की पुरावा म्हणून तसेच ठेवायचे? आणि मे महिन्यात गावात टँकरनं पाणी येतं, तेव्हा थंड करायचं कशानं?

फॉग_ब्रँच
फोन घेणाऱ्यानंच विचारून घ्यावं: त्याच्या हातात अजून कॅन आहे का, घरात सिलिंडर किती, आत आणखी कोण? ११२ ला लगेच कळवा. बंब वारा पाठीवर घेऊन, तोंड परतीच्या दिशेला करून अलीकडेच उभा करा. होजमध्ये पाणी भरल्याशिवाय आणि एकट्यानं आत पाऊल टाकायचं नाही. बाई दारात किंवा अंगणात असेल तर मात्र थांबू नका, पाण्याच्या आडोशानं ओढून घ्या.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत, मोरीतून, उताराच्या खोलीत सरकते. उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सुटते, त्यामुळे ज्वाळा विझली म्हणजे धोका संपला असं नाही. लाइटचं बटण चालू-बंद करू नका. सरळ जोरदार धार मारली तर पेट्रोल पसरतं, म्हणून फॉग (पाण्याचा बारीक फवारा) किंवा फोम (फेस). माणूस पेटलेला असेल तर आडवा पाडा आणि सुती गोधडी मानेकडून पायाकडे दाबत न्या. नायलॉनची साडी किंवा चादर वापरू नका, ती वितळून कातडीला चिकटते.

जळीत_वॉर्ड
कपडे काढायचेच, त्यात दुमत नको. पेट्रोलनं भिजलेलं कापड कातडीला इजा करत राहतं, आणि तेच कापड घेऊन ऑक्सिजन चालू असलेल्या १०८ मध्ये चढवणं म्हणजे दुसऱ्या आगीची तयारी. चिकटलेला तुकडा ओढू नका, भोवतीनं कापा. बांगड्या, जोडवी लगेच काढा, तासाभरात सूज येते.

थंड करायला २० मिनिटं साधं पाणी. टँकरचं, बोअरचं, कुठलंही स्वच्छ पाणी चालतं. नळ नसेल तर तांब्यानं सावकाश ओतत राहा. भाजल्यापासून तीन तासांपर्यंत याचा उपयोग होतो. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद काही नको. खूप भाजलं असेल तर अंग गार पडतं, न भाजलेला भाग पांघरुणात ठेवा. मग कोरडी स्वच्छ चादर.

आवाज घोगरा, नाकातले केस जळलेले, थुंकीत काजळी असेल तर श्वासनलिका सुजणार. ऑक्सिमीटर ९८ दाखवला तरी विश्वास ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइड त्याला कळत नाही.

आणि भाजल्याची वेळ कागदावर लिहून पाठवा. पहिल्या २४ तासांचं सलाइन दर किलोला, दर टक्का भाजण्याला ४ मिली धरतात: ६० किलोची बाई ३० टक्के भाजली तर ४ × ६० × ३० = ७,२०० मिली आरएल (रिंगर लॅक्टेट), त्यातलं निम्मं पहिल्या ८ तासांत. हे तास भाजल्यापासून मोजतात. दोन तास रस्त्यात गेले तर ३,६०० मिली उरलेल्या सहा तासांत, म्हणजे ताशी ६००. पुढे लघवीचं प्रमाण बघून कमी-जास्त करतात.

पंचनामा
काढलेले कपडे साध्या प्लास्टिक पिशवीत घालू नका, वाफ त्यातून निघून जाते. रक्ताच्या कपड्यांसाठी वापरतो ती कागदी पिशवीही इथं चुकीची. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा किंवा काचेची बरणी, दोन तृतीयांशच भरलेली. आरोपीचे कपडे वेगळ्या डब्यात, वेगळ्या माणसानं भरायचे. आग विझल्यावर जमीन धुवून काढू नका, मातीत पेट्रोल मुरलेलं असतं, प्रयोगशाळेला तीच माती लागते.

रुग्णवाहिकेत ती जे बोलेल ते तिच्याच शब्दांत, वेळेसह लिहा, शुद्ध करू नका. वेदनाशामक कधी दिलं तेही नोंदवा. मृत्युपूर्व जबाबाला नायब तहसीलदारांना बोलवा आणि नातेवाईक खोलीबाहेर ठेवा. ती शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा शेरा घ्यावाच, पण तो राहिला एवढ्यानं जबाब बाद होत नाही. लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २००२ मध्ये तसं सांगितलंय.

तालुक्याचा_बंब
रंगाचा रिकामा डबा चालेल का?

पंचनामा
वापरलेला नको. त्यात थिनर मुरलेला असतो आणि तपासणीत तोच दिसतो. हार्डवेअरच्या दुकानातून कोरे डबे आणा आणि चार-पाच बंबातच ठेवा.